दोघांचा एक बैल

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागतात आणि आयांच्या डोक्याला नवा ताप सुरू होतो. कोणाला राधा व्हायचे असते, कोणाला मावळा. फेटा, नऊवारी, काजळाची मिशी एवढे घरात कसेही जमते. पण पोर घरी येऊन, "आई, बाईंनी मला बैल केलंय!" म्हणाले, की बसा कपाळाला हात लावून. माणसाला पाय दोन, बैलाला चार. उरलेले दोन आणायचे कुठून?

गाय, बैल, घोडा अशा चतुष्पादांची सोंगे घरी करता येतात का, असे काही मैत्रिणींनी विचारले आहे. येतात, आणि चांगली येतात. जळकोटसारख्या गावातून भाड्याचा पोशाख आणायचा म्हणजे सोलापूर गाठायचे, अनामत ठेवायची, दुसऱ्या दिवशी परत द्यायला पुन्हा एस.टी. धरायची. एवढे करून मिळते काय, तर जाड स्पंजवर शिवलेले केसाळ नायलॉन. एका संमेलनात अशाच पोशाखातले अस्वल नाचता नाचता मटकन खाली बसले. लोकांना वाटले, नाचातलाच प्रकार आहे. टाळ्या पडल्या! मुखवटा काढला तेव्हा आतली सात वर्षांची पोर घामाने निथळत होती आणि तिला धड बोलताही येत नव्हते. पाणी पाजले, वारा घातला, ती सावरली. पण तेव्हापासून एक गोष्ट मी मनाशी पक्की धरली आहे: सोंग बाहेरून कसे दिसते ते नंतर. आतल्या मुलाला दिसते का, श्वास घेता येतो का, झटकन बाहेर पडता येते का, हे आधी.

सोंगाच्या तीन तऱ्हा

चार पायांचे जनावर माणसाने अंगावर घालायचे, तर त्याच्या मुख्यतः तीन तऱ्हा आहेत.

पहिली, एकट्याने ओणवे होऊन चालण्याची. आपल्याकडे मराठवाड्यात आणि पार हैदराबादेपर्यंत मोहरममध्ये नवस बोलून अंगावर पट्टे रंगवून वाघ होणारे लोक पुष्कळांनी पाहिले असतील. वाघाला हे शोभते, कारण तो दबा धरतो, झेप घेतो, मधूनच उभा राहतो. बैलाला शोभत नाही. माणसाचे हात पायांपेक्षा आखूड, त्यामुळे ओणवे झाले की पाठीमागचा भाग वर आणि डोके खाली! शिवाय तळहात आणि गुडघे सोलवटतात ते वेगळेच. यावर परदेशी रंगभूमीने एक तोड काढली आहे. न्यूयॉर्कला १९९७ साली आलेल्या 'द लायन किंग' या संगीत नाटकात जिराफ होणारा नट पायांना तर उंच काठ्या बांधतोच, पण हातांनाही बांधतो आणि चारी काठ्यांवर डौलात चालतो. या नाटकाची दिग्दर्शिका एक बाई आहे बरं का, ज्यूली टेमर. संगीत नाटकाच्या दिग्दर्शनाचा टोनी पुरस्कार मिळवणारी ती पहिली स्त्री. पण काठ्यांवरची ती चाल कसलेल्या नटांची. आपल्या पोरांना ती करायला लावू नये.

दुसरी तऱ्हा कमरेच्या घोड्याची. गोव्यात शिगम्याला घोडेमोडणी होते, विशेषतः डिचोली, पेडणे, सत्तरी या भागांत. नाचणारा पुरुष ताठ उभा असतो. फुलांनी आणि रंगीत कापडाने सजवलेला घोडा त्याच्या कमरेला बांधलेला असतो. घोड्याचे डोके पुढे, शेपूट मागे. डोक्याला पागोटे, हातात तलवार, पायात घुंगरू, आणि ढोल-ताशांच्या तालावर स्वार व घोडा दोन्ही तोच! राजस्थानची कच्छी घोडी आणि तमिळनाडूतली पोयक्काल कुदिरै हीदेखील याच घराण्यातली. यात तोंड उघडे, हात मोकळे, श्वासाची अडचण नाही. सहा-सात वर्षांच्या लहानग्यांसाठी मी डोळे मिटून हीच तऱ्हा सुचवीन. खोक्याचा तळ आणि वरचे झाकण काढून टाका, जुन्या दप्तराचे पट्टे लावून ते खांद्यांवरून अडकवा, भोवती परकराचे कापड सोडा. एका दुपारीत घोडा तयार.

तिसरी तऱ्हा दोघांची. एकजण पुढचे पाय, दुसरा मागचे. चीनचा सिंहनाच असाच दोघांचा. याच तऱ्हेतले फार पुढचे उदाहरण म्हणजे लंडनच्या नॅशनल थिएटरने २००७ साली आणलेले 'वॉर हॉर्स'. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनच्या हँडस्प्रिंग या बाहुलीकारांच्या संस्थेने त्यासाठी वेताच्या सांगाड्याचा हुबेहूब मापाचा घोडा केला. त्याला तिघे चालवतात. एक डोके सांभाळतो, एक मधला भाग म्हणजे काळीज, आणि एक मागचे पाय. घोडा नुसता उभा असला तरी आतली माणसे त्याला श्वास घ्यायला लावतात, अंग हलके वरखाली होत राहते, आणि लोक विसरून जातात की हे वेत आणि कापड आहे. यातून आपण घेण्यासारखे एवढेच की सोंग जिवंत होते ते चालीने आणि श्वासाने. महागड्या कापडाने नव्हे.

आजचा आपला बैल या तिसऱ्या तऱ्हेचा आहे. आठवीच्या आसपासच्या, सारख्या उंचीच्या दोन मुलांसाठी. मुलीही चालतील, बैल काही विचारायला येत नाही!

कोणता बैल करावा?

आपल्या भागात देवणी, खिलार आणि लाल कंधारी असे तिन्ही बैल पाहायला मिळतात. खिलार उंच, लांब शिंगांचा. लाल कंधारी नावाप्रमाणे गडद तांबडा. मी निवडला देवणी, म्हणजे लातूरकडच्या देवणी गावाच्या नावाचा पांढऱ्या-काळ्या रंगाचा बैल. त्याची दोन कारणे. एक, पांढरी चादर प्रत्येक घरात असते. दुसरे जास्त महत्त्वाचे. देवणीत ज्याला शेवरा म्हणतात, त्याच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके-चट्टे वेडेवाकडे पसरलेले असतात. ते चट्टे आपण रंगवायचे नाहीत. तिथे चादर कापून काळी जाळी बसवायची. बाहेरून पाहणाऱ्याला तो चट्टा दिसतो आणि आतल्या मुलाला ती खिडकी होते. आत काळोख आणि बाहेर उजेड असला की बाहेरच्याला आतले दिसत नाही, आतल्याला मात्र बाहेरचे दिसते. खिडकीच्या जाळीच्या पडद्यामागून रस्ता पाहताना हा अनुभव आपण रोजच घेतो.

आपल्या बैलाला आणखी एक सोय देवानेच करून ठेवली आहे, ती म्हणजे वशिंड. परदेशी गाईबैलांना वशिंड नसते, म्हणून तिकडच्या नमुन्यांच्या पोशाखात पुढच्या मुलाचे डोके कुठे लपवायचे ही पंचाईत होते. मग ते थेट जनावराच्या मुखवट्यात कोंबतात. आपण ते वशिंडात ठेवायचे! पुढचा मुलगा थोडा पुढे झुकून उभा राहतो, त्याचे डोके म्हणजे वशिंड, आणि बैलाचे डोके त्याच्या हातात, छातीसमोर. मुखवटा तोंडावर नसल्यामुळे निम्मी काळजी तिथेच मिटते.

साहित्य

जुनी सुती एकेरी चादर एक (साधारण दीड मीटर रुंद, सव्वादोन मीटर लांब). काळी जाळी एक मीटर, शक्यतो सुती. बांबूच्या पातळ कामट्या, बुरडाकडून तासून आणलेल्या. सायकलची फाटकी ट्यूब. जुन्या दप्तराचे पट्टे. बाजेची नवार दीड मीटर. रद्दी कागद, कणकेची खळ, मूठभर मेथ्या. चिंध्या, सुतळी, पांढरे लेंगे दोन आणि वेल्क्रोची पट्टी. यांतले निम्मे तर माळ्यावरच सापडेल.

सांगाडा

एकेक मीटर लांबीच्या दोन कामट्या समांतर ठेवा. त्यांवर तीन कमानी उभ्या करा, प्रत्येकीची रुंदी साधारण ४५ सेंटीमीटर, उंची वीत-सव्वा वीत. सांधे तारेने बांधू नका. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांनी आवळा. ट्यूब घट्ट धरते, टोचत नाही, आणि मूल पडले तर सांगाडा मोडण्याऐवजी वाकतो. कामट्यांच्या टोकांना चिंध्या गुंडाळून वरून ट्यूब चढवा. हे विसरू नका, डोळ्याशी गाठ आहे.

पुढच्या बाजूला दप्तराचे पट्टे बांधा, ते पुढच्या मुलाच्या खांद्यावर येतील. मागच्या बाजूला नवारीचा कमरपट्टा, तो मागच्या मुलाला. दोन्ही ठिकाणी गाठ मारायची नाही, वेल्क्रो लावायचे. वजनाचे म्हणाल, तर दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नसावे असे केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात सांगितले आहे. तेच माप इथे धरा. तीस किलोच्या मुलाच्या वाट्याला फार तर तीन किलो. कामट्यांचा सांगाडा त्याच्या कितीतरी आत बसतो.

पुढच्या मुलाच्या कमरेला वेगळी नवार बांधून तिला मागे दोन फासे ठेवा. मागच्या मुलाने तिथे धरायचे. पुढच्याच्या सदऱ्याला धरले की ओढाताण होते आणि भर रंगमंचावर बैलाचे भांडण लागते.

डोके आणि शिंगे

मेथ्या भिजवून, वाटून, कागदाच्या लगद्यात घालून टोपल्या लिंपायची आपल्या आज्यांची पद्धत तुम्हांला ठाऊकच आहे. पण सगळे डोके लगद्याचे केले तर जड होते. म्हणून लांबट मडक्याला तेलाचा हात लावून त्यावर खळीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्यांचे सहा-सात थर द्या. दर दोन थरांनंतर सावलीत वाळू द्या, उन्हात ठेवले तर वेडेवाकडे होते. वाळले की अलगद काढून घ्या. मेथीचा लगदा फक्त भुवया, नाकपुड्या आणि ओठ उठवायला वापरा. खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची चाल आहे, ती इथे पाळू नका. मोरचूद विषारी असतो आणि हे डोके मुलाच्या हातात राहणार आहे.

शिंगे कापडाची, चिंध्या भरून शिवलेली. आत तार किंवा काठी नको. कान लांब आणि खाली झुकलेले करा, देवणीची ती खूणच आहे. डोक्याच्या आत आडवी काठी बसवा, ती दोन्ही हातांत धरली की मान हलते. पोळ्याची मोरकी, घुंगरमाळ, गोंडे घरी असतील तर चढवा. गळ्यातल्या गोंड्यांमागे वशिंडावरची जाळी बेमालूम झाकून जाते.

कातडे आणि पाय

चादर सांगाड्यावर झुलीसारखी टाका. पोटाखाली शिवू नका, खालून मोकळीच राहू द्या. हवा खेळते, आणि वेळ आली तर एका हिसक्यात सगळे वर उचलता येते. पुढच्या मुलाच्या डोक्याशी वेताचे एक कडे घालून कापड चेहऱ्यापासून चार बोटे दूर राहील असे करा आणि समोर जाळी बसवा. मागच्या मुलाच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना हातभर लांबीचे काळे चट्टे हवेतच. बाकीचे चट्टे हौसेप्रमाणे.

पायांची एक गंमत सांगते. बैलाचा मागचा पाय उलटा वाकल्यासारखा दिसतो आणि आपण म्हणतो, याचा गुडघा उलटा आहे. तो गुडघा नव्हेच, ती टाच! खरा गुडघा वर पोटाजवळ असतो. जनावर जन्मभर चवड्यांवर चालते असे म्हणा ना. म्हणून मागच्या मुलाच्या लेंग्याला पोटरीच्या मध्यावर मागच्या अंगाला चिंध्यांचा छोटा उंचवटा शिवा आणि मांडीकडे थोडे कापूस-कापड भरा. एवढ्याने माणसाचा पाय बैलाचा होतो. खूर म्हणून बुटांवर काळ्या कापडाची पट्टी पुरे. नुसते मोजे घालू नका, स्टेजच्या फळ्यांवर पाय घसरतो.

चाल

चाल मला एका मुलाने शिकवली. घरी बैलजोडी, सकाळी वैरण-पाणी करून शाळेत येणारा. तालमीत दोघे मुलगे एकाच वेळी डावा पाय, एकाच वेळी उजवा पाय टाकत होते. हा म्हणाला, "बाई, ह्यो बैल न्हाई, उंट हाय." अगदी खरे. उंट एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम टाकतो. बैलाचा क्रम वेगळा: आधी मागचा डावा, मग पुढचा डावा, मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा. उद्या रस्त्यावरून बैल जाताना मुद्दाम बघा.

म्हणजे काय, तर डाव्या-उजव्याची पहिली हाक मागून येते. मागच्या मुलाने पाऊल टाकायचे आणि पुढच्याने त्याला जोड द्यायची. मागच्याला डावे-उजवे कळावे म्हणून पुढच्या मुलाच्या डाव्या घोट्याला तांबडी फीत बांधा, वाकलेल्या मुलाला तेवढेच दिसत असते. पाठ कुबडी न करता कमरेतून वाकायचे, गुडघे किंचित सैल. असे पाच मिनिटांहून जास्त कोणालाही वाकवू नये. मधे विसावा हवा म्हणून नाटुकल्यातच बैलाला बसकण मारायला लावा. नंदीबैलवाला प्रश्न विचारतो, बैल मान डोलावतो, आणि नको तो प्रश्न आला की खाली बसतो. लोक हसतात आणि पोरांना दम घेता येतो.

तालमीत तीन गोष्टी रोज करून घ्या. "सोडा!" म्हटल्यावर पाच आकडे मोजेपर्यंत दोघेही बाहेर आली पाहिजेत. आतल्याने दोनदा टिचकी मारली की त्याला बाहेर यायचे आहे असे समजायचे, कारण विचारायचे नाही. आणि समई, निरांजन, फटाके यांपासून बैल दहा पावले दूर. नायलॉन पेटले की वितळून अंगाला चिकटते, म्हणून सुतीचा आग्रह धरला. पण पेट सुतीही घेते.

मागचे पाय कोणाला?

आता खरे दुखणे सांगते. अर्धवेळ शिकवायला जाते म्हणून दिसते. पुढचे पाय कोणाला, यावरून पालक शाळेत येऊन भांडतात. मागच्या पायांसाठी कोणी येत नाही. ते बहुधा अशा मुलाला मिळतात, ज्याच्या घरून भांडायला कोणी येणार नसते. आपल्याकडे दसरा-दिवाळी झाली की पुष्कळ आईबाप ऊसतोडीला जातात, पोरे आजी-आजोबांजवळ राहतात, आणि संमेलन येते नेमके त्याच दिवसांत. त्या मुलाला पोशाख कोण आणून देणार? मग "तू मागे हो, तुझा चेहरा काही दिसणार नाही, तुला काही आणायला नको." बोलणारा चांगल्या मनानेच बोलतो. पण ऐकणाऱ्याला काय ऐकू येते, याचा विचार करा.

चालीचे ज्याने शिकवले, तो मुलगा यांतलाच. मागे उभे राहण्यात कमीपणा नाही, निम्मा बैल तोच असतो. कमीपणा येतो तो कोणी न विचारता तिथे ढकलल्यामुळे. म्हणून काही साधे नियम आमच्या वर्गात केले आहेत, तुम्हीही शाळेत सुचवून पाहा. पुढे-मागे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. तालमीत दोघांनीही दोन्ही जागा शिकायच्या. शेपटीची दोरी आणि गळ्यातल्या घंटेची दोरी मागच्याच्या हातात द्यायची, म्हणजे माशी हाकलणे आणि लोकांना हसवणे हे त्याचे काम होते. खेळ संपला की चादर स्टेजवरच उचलायची, दोघांनीही पुढे येऊन नमस्कार करायचा, आणि ध्वनिक्षेपकावर दोन्ही नावे घ्यायची, मागच्याचे आधी. हल्ली मोबाइलवर चित्रण करून आईबापांना फडात पाठवता येते. पण त्यात लेकराचा चेहरा तर दिसायला हवा ना! नुसती चादर पाहून आई काय ओळखणार?

खेळ झाल्यावर सांगाडा सुतळीने बांधून माळ्यावर टांगा. डोक्यात कडुलिंबाचा वाळला पाला भरून कापडात गुंडाळा, पुढच्या वर्षी फक्त रंगाचा हात लागेल. चादर फेकू नका. चट्ट्यांच्या जागी ठिगळे लावली की उन्हाळ्यात गच्चीवर अंथरायला उत्तम. तुमच्या शाळेत कोणी गाढव, शेळी किंवा हत्ती केला असेल तर कसा केला ते जरूर कळवा. हत्तीच्या सोंडेचा प्रश्न मला अजून सुटायचा आहे.